पगडीखालची औषधं

छत्रपती शाहूंच्या साताऱ्यात किंवा चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगलीत टक्कल पडलेला माणूस ओळखणं अवघड होतं. डोकं एरवीही भादरलेलंच असायचं. न्हावी आठ-पंधरा दिवसांनी वस्तरा फिरवी, शेंडी किंवा ऐसपैस घेरा तेवढा सोडी, कुणी हौशी माणूस कपाळावर संजाब राखी आणि त्या सगळ्यावर पगडी, पागोटं, मुंडासं नाहीतर पटका चढे. बोडक्या डोक्यानं चारचौघांत जाणं हेच मुळी असभ्य. कपाळावरचे केस मागे सरकले काय आणि टाळूवर चांदवा पडला काय, बायको आणि न्हावी सोडून तिसऱ्याला कळायचं कारण नव्हतं.

हे ध्यानात घेतलं की डोक्याच्या जुन्या औषधांचा इतिहास जरा वेगळा दिसू लागतो. आज माका, हिरडा, कडुनिंब, हळद यांच्या नावानं जी तेलं विकली जातात त्यांच्याकडून गिऱ्हाईक केस उगवण्याची आशा धरतं. कृष्णाकाठच्या घरांना या वनस्पतींकडून तेवढी अपेक्षा नव्हती. डोक्याची तक्रार म्हणजे कोंडा, खाज, उवा, पोरांच्या डोक्यातले खवडे आणि अचानक रुपयाएवढी जागा गुळगुळीत करून जाणारी चाई. औषधं होती ती या तक्रारींवर. पुरुषाचं हळूहळू पडत जाणारं टक्कल हे वयाचं आणि घराण्याचं लक्षण समजलं जाई. ‘त्याच्या वाडवडिलांचंही असंच होतं’ एवढ्यावर विषय संपे.

आणि डोक्याच्या कातडीला त्रास तरी काय कमी होता! आठ-दहा हात कापडाचा पीळ दिवसभर डोक्यावर, खाली घाम, वरून देशावरचं ऊन. त्यात न्हाव्याची धोकटी गावभर फिरायची. एकच वस्तरा, वाटीतलं तेच पाणी, आणि कोवळ्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची डोकी. खवडे म्हणजे डोक्याच्या कातडीला होणारी बुरशीची लागण, हे सूक्ष्मदर्शकानं एकोणिसाव्या शतकात सांगितलं. पण ती एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जाते हे आयाबायांना आधीपासून ठाऊक होतं. खवड्याच्या पोराची टोपी दुसऱ्याला घालू देत नसत.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी औषधांच्या दृष्टीनं हा एकच मुलूख होता आणि सरकारदरबारीही बराचसा एकच होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये हे तालुके आणि सांगली, मिरज, जत अशा विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणचे डोंगर. तिथून हिरडा, बेहडा, आवळा, शिकेकाई खाली उतरत. मधल्या कृष्णा-कोयना-वारणेच्या खोऱ्यात पाटाच्या कडेनं माका आपोआप माजायचा आणि शेतात हळद पिकायची. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतच्या माळावर करडई, तीळ, एरंड. खोबरं मात्र कोकणातून यायचं, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडच्या पेठेत. त्यामुळे खोबरेल ही पैसेवाल्यांची चैन आणि बाकीच्यांच्या डोक्यावर करडईचं किंवा तिळाचं, तेल्याच्या लाकडी घाण्यावरचं तेल. तान्ह्या पोराची टाळू भरायला मात्र एरंडेल.

ग्रंथांचा भाग वेगळा. संस्कृत जाणणाऱ्या वैद्यांची घराणी या मुलखात होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गणेश कृष्ण गर्दे यांनी ‘अष्टांगहृदया’चं मराठी भाषांतर ‘सार्थ वाग्भट’ या नावानं केल्यावर तो ग्रंथ संस्कृत न येणाऱ्यांच्याही हातात पडला. त्याचा कर्ता वाग्भट केस जाण्याचे दोन प्रकार नीट वेगळे करतो. इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात. खलतीत ते क्रमाक्रमानं गळतात. पहिला प्रकार म्हणजे आपली चाई, दुसरा म्हणजे टक्कल. सुश्रुताची उपपत्ती अशी की वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडतं आणि मग कफ आणि रक्त ती छिद्रं बुजवून टाकतात, म्हणून नवा केस येत नाही. हे आजच्या अर्थानं शरीरशास्त्र नव्हे. पण केसाच्या मुळाशी उष्णता, दाह आणि अडथळा आहे ही कल्पना त्यात आहे, आणि औषधांची निवडही तिच्याच अंगानं झाली. टक्कल पडलेल्या प्रत्येकाला आशा लावायला मात्र हे ग्रंथ तयार नाहीत. आगीनं पोळल्यासारखी, लव उरली नाही अशी खलती वाग्भट सरळ असाध्य ठरवून मोकळा होतो. आजच्या कुठल्याही तेलाच्या जाहिरातीपेक्षा हा प्रामाणिकपणा मोठा आहे.

‘माधवनिदाना’वरच्या ‘मधुकोश’ टीकेत विदेह या जुन्या आचार्याचं एक मत येतं: बायकांना खलती होत नाही, कारण त्यांचं दूषित रक्त दर महिन्याला वाहून जातं. कारण चुकलं, पण निरीक्षण चुकलेलं नाही. बाईचे केस विरळ होतात, पुरुषासारखी तुळतुळीत टाळू क्वचितच दिसते. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरच्या सूत्रांत खोजांना टक्कल पडत नाही अशी नोंद आहे. या दोन निरीक्षणांमागचा धागा १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं पकडला. ज्यांचे वृषण लहानपणी निकामी झाले किंवा काढले गेले त्यांना टक्कल पडत नव्हतं. त्यांनाच पुरुषी संप्रेरक दिल्यावर, घराण्यात टक्कल असेल तर, ते पडू लागलं. टकलाचं मूळ संप्रेरकात आणि आनुवंशिकतेत आहे हे तेव्हापासून पक्कं झालं. वरून लावलेला पाल्याचा रस त्या मुळाशी कितपत पोचणार, हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

पण कोंडा ही वेगळी गोष्ट. वैद्यकात त्याला दारुणक म्हणतात. त्यावरचा एक लेप मध्ययुगीन ग्रंथांतून पुन्हा पुन्हा येतो: आंब्याच्या कोयीतला गर आणि हिरड्याचं चूर्ण, दोन्ही सम प्रमाणात, दुधात वाटून. साताऱ्याच्या डोंगरात हे दोन्ही फुकट. पाडाचे आंबे खाऊन झाल्यावर कोयी उन्हात वाळवायच्या, फोडायच्या, आतला पांढरट गर कुटायचा. हिरडा तर महाबळेश्वर-जावळीच्या रानातला मोठा व्यापारी माल. कोवळा, काळा पडलेला बाळहिरडा औषधाला आणि पोरांच्या गुटीला जायचा; मोठा पिवळा हिरडा कातडी कमावायला मुंबईच्या बंदरातून थेट युरोपात. कातडी कमावणारं त्यातलं द्रव्य म्हणजे टॅनिन, आणि तेच टॅनिन कोयीच्या गरातही भरपूर असतं. टॅनिन कातडीचा वरचा थर आवळून धरतं, स्राव कमी करतं आणि बऱ्याच जंतूंना नि बुरशींना मारक ठरतं. म्हणजे कातडी कमावणाऱ्या ढोराच्या कुंडात जे रसायन बैलाच्या कातड्यावर काम करत होतं तेच, पातळ करून, माणसाच्या डोक्यावरच्या कोंड्याला लावलं जाई. लेप सुकला की डोकं ताणल्यासारखं वाटतं. धुतल्यावर खाज थांबते, हे वापरणारे सांगतात आणि ते पटण्याजोगं आहे.

खवड्यांना करंजीचं तेल. गजकर्णासारखा वाटोळा चट्टा असेल तर टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून. हा टाकळा म्हणजे पावसाळ्यात बांधाबांधावर उगवणारा, ज्याची भाजी पाटण-जावळीकडे आवडीनं खातात तोच. त्याच्या बियांत बुरशीला मारक द्रव्यं आहेत. पण डोक्यातली बुरशी केसाच्या मुळात दडते आणि वरच्या लेपाला सहसा दाद देत नाही. १९५८ नंतर ग्रिसिओफल्विनची गोळी आल्यावर खवड्यांचा जोर ओसरला तो ओसरलाच.

खरी नाट्यमय औषधं चाईची. चाई पडलेल्या जागी आधी खरखरीत पानानं घासायचं, नाहीतर वस्तऱ्याच्या टोकानं बारीक रेघा मारायच्या, रक्त पाझरू द्यायचं. मग वर गुंजेचा लेप, किंवा डोरलीचा रस मधात, किंवा जपून लावलेला बिब्बा. गुंज म्हणजे तीच लाल, काळ्या डोक्याची बी, जी सराफाच्या तराजूत वजन म्हणून पडे: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. खानापूर, आटपाडीकडचे गलाई कामगार देशभर सोनं गाळायला पांगले. त्यांच्या घरात गुंज परकी नसणारच. आत मात्र तिच्यात अब्रिन नावाचं जहाल विष. बिब्बाही तसाच, परटाच्या कपड्यावर न पुसणारी खूण करणारा आणि कातडीवर उतला तर फोड आणणारा.

इथे एक गैरसमज काढून टाकलेला बरा. झाडपाल्याचं औषध म्हणजे थंड, सौम्य, दाह शमवणारं, असं आपण धरून चालतो. चाईची ही औषधं नेमकी उलटी आहेत. ती दाह पेटवतात. आणि गंमत अशी की १९७० च्या दशकात पाश्चात्त्य त्वचारोगतज्ज्ञही याच वाटेनं गेले. चाईत शरीराची संरक्षक यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते. कातडीला ॲलर्जी आणणारं एखादं रसायन मुद्दाम लावून तिथे दुसरीच चकमक सुरू केली तर मुळांवरचा मारा ढिला पडतो, असा तो विचार. १९७६ मध्ये डायनायट्रोक्लोरोबेन्झीन वापरून झालेल्या प्रयोगांनी त्याला तोंड फुटलं. पुढे डायफेन्सिप्रोन हे रसायन आलं आणि ते काही ठिकाणी अजून वापरात आहे. बिब्ब्यातलं तेल ॲलर्जी आणणाऱ्याच जातीचं आहे. खेड्यातल्या म्हातारीला हे तत्त्व माहीत होतं असं म्हणणं फुशारकीचं होईल. शिवाय बऱ्याच जणांची चाई काही महिन्यांत आपोआप भरून येते, आणि श्रेय शेवटच्या लेपाला मिळतं. पण ती नुसतीच अंधश्रद्धा होती असं म्हणणंही घाईचं. बिब्ब्यानं डोक्यावर कायमचा डाग पडलेले लोकही होते, हे त्याच दमात सांगायला हवं.

माक्याचं तेल या सगळ्यात सौम्य आणि सगळ्यात नावाजलेलं. पांढऱ्या बारीक फुलांचा हा पाणथळ जागचा तण. पान चुरगाळलं की रस बघता बघता काळा पडतो आणि बोटं डागाळतात. केस काळे करण्याच्या त्याच्या कीर्तीला हा रंग बराच जबाबदार असावा. तेल सिद्ध करण्याचं शास्त्रीय प्रमाण ठरलेलं: वाटलेलं औषध म्हणजे कल्क एक भाग, तेल चार भाग, रस किंवा काढा सोळा भाग. पितळेच्या कल्हईदार पातेल्यात किंवा लोखंडी कढईत हे मंद आचेवर ठेवायचं. पहिले तास-दोन तास नुसतं पाणी उडत असतं, घरभर ओल्या गवताचा वास. मग तळाशी बसलेला कल्क सुटू लागतो. इथे लक्ष हवं. चमच्यावर थोडा कल्क काढून बोटांत वळून बघायचा. चिकटत असेल तर कच्चा. वात वळली गेली आणि ती विस्तवात टाकल्यावर चडचड आवाज आला नाही, तर पाणी संपलं. तेलावर फेस धरू लागतो ती शेवटची खूण. तुपाचं याच्या उलट, त्याचा फेस विरतो. आणखी थोडं पुढे नेलेला खरपाक डोक्याला आणि अंगाला चोळायला, अलीकडे उतरवलेला मृदुपाक नाकात सोडायला. त्यापुढे गेलं की तेल करपतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पाणी पूर्ण उडवण्यामागे एक व्यवहार होता. पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होतं, बुरसतं. असं निगुतीनं केलेलं तेल वर्षभर टिके.

बायकांची गोष्ट पुरुषांपेक्षा निराळी, कारण त्यांचे केस दिसत. न्हाणं ही आठवड्याची मोठी घडामोड. शिकेकाईच्या शेंगा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी हे घरोघरच्या प्रमाणात कुटून ठेवलेलं असे. आदल्या दिवशी तेल चोपडायचं, दुसऱ्या दिवशी शिकेकाईच्या उकळलेल्या पाण्यानं खसाखसा धुवायचं. माण-जतच्या दुष्काळी गावांत पाण्याचीच बोंब, तिथे हरभऱ्याचं पीठ, ताक किंवा काळी माती यांवर भागवलं जाई. केस विरळ झाले तर उपाय औषधाचा नव्हता, गंगावनाचा होता. उसन्या केसांची ती वेणी जत्रेत मिळे आणि अंबाड्यात बेमालूम बसे. विधवा झालेल्या ब्राह्मण स्त्रीच्या बाबतीत तर हा विषयच एका दिवसात संपवला जाई. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र करून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा ठराव करवला. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, आणि फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण.

आता तेल आणि शिकेकाई या जोडीविषयी एक आधुनिक माहिती, जी बहुतेक तेलवाले सांगत नाहीत. कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया ही यीस्ट जातीची बुरशी डोक्यावरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते. वनस्पती-तेलांतली अनेक मेदाम्लं तिला चालतात. म्हणजे कोंडा झालेल्या डोक्यावर दिवसेंदिवस तेल मुरवत ठेवणं हे बुरशीला जेवू घालण्यासारखं. जुन्या पद्धतीत तेल लावलं तरी ते दुसऱ्या दिवशी खसखसून काढलं जाई, आणि शिकेकाईतली फेसाळ द्रव्यं आणि तिचा आंबटपणा हे काम चोख करत. या जोडीतलं धुणं हेच खरं औषध असावं. पुढच्या काळात घाई वाढली, तेल चोपडून भांग पाडून बाहेर पडायची सवय लागली, आणि कोंडा काही हटेना. खोबरेलाचा एक गुण मात्र सिद्ध झालेला आहे: २००३ मध्ये मुंबईच्या रेले आणि मोहिले यांनी दाखवलं की ते केसाच्या काडीत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. हा काडीचा फायदा. मुळाशी त्याचा संबंध नाही.

शेंडी कधी गेली याची एक तारीख सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी शाळा, कचेऱ्या, पलटणी आणि रेल्वे यांनी पुरुषांच्या डोक्यावर केस आणले, आणि पगडीची जागा टोपीनं घेतली. पुढे टोपीही उतरली. साताऱ्याच्या वकिलाच्या, सांगलीच्या मास्तराच्या डोक्यावर भांग आला आणि भांगाबरोबर तो मागे सरकण्याची काळजी आली. टक्कल हा आता जगाला दिसणारा विषय झाला. मराठी मासिकांच्या पानांवर ‘कामिनिया ऑईल’ आणि दादरच्या योगाश्रमाचं ‘रामतीर्थ ब्राह्मी तेल’ यांच्या जाहिराती झळकू लागल्या. पूर्वी वर्षातून एकदा घरी कढवलं जाणारं तेल आता बाटलीत, लेबलासह, टपालानं घरपोच मिळू लागलं. त्या लेबलानं माक्याला आणि ब्राह्मीला नवी नोकरी दिली. घरगुती तेलातले हे पाले आता केशवर्धक झाले.

हा बदल फक्त इथलाच होता असं नाही. त्याच सुमाराला पॅरिसच्या इस्पितळात रेमों साबुरो हा नामांकित त्वचातज्ज्ञ टक्कल जंतूमुळे पडतं असं मांडत होता. १८९७ मध्ये त्यानं डोक्याच्या तेलकट ग्रंथींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जंतूवर तो ठपका ठेवला. जंतू आहेत तर जंतुनाशक हवं, म्हणून युरोप-अमेरिकेत डोक्याला लावायच्या औषधांचा पूर आला. त्यात सिंकोनाच्या सालीतल्या क्विनीनचं केसांचं पाणी फार लोकप्रिय. या सिंकोनाचा साताऱ्याशीही धागा आहे. १८६० च्या दशकात सरकारनं महाबळेश्वरजवळ लिंगमळ्याला सिंकोनाची लागवड केली होती, हिवतापाच्या औषधासाठी. तिथल्या पावसानं ती टिकू दिली नाही आणि काही वर्षांत प्रयोग गुंडाळावा लागला. आज लिंगमळा धबधब्यासाठी प्रसिद्ध आहे.

हळदीचं काय, असं सांगलीकर विचारणारच. सांगलीची हळदपेठ देशातल्या मोठ्या पेठांपैकी. शेजारच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायची पेवं होती. जमिनीत अनेक पुरुष खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा तो खड्डा. तिथली माती अशी की ओल आत शिरत नाही. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपतो, किडा जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी हवा जाऊ द्यायची, दिवा सोडून बघायचा, तो विझला नाही तरच माणूस. २००५ च्या महापुरानं यातली बहुतेक पेवं निकामी केली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. या पेठेतून हळद गेली ती स्वयंपाकघरात, कुंकवाच्या कारखान्यात आणि जखमेवर. डोक्याला मात्र इथल्या बायकांनी ती क्वचितच लावली, आणि कारण साधं आहे: डाग जात नाही.

जखमेवरच्या हळदीनं तर आंतरराष्ट्रीय खटलाच पाहिला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे करून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यानंतर हळदीचं नाव प्रत्येक गोष्टीला चिकटू लागलं, केसांच्या तेलालाही. टकलावर हळदीचा उपयोग म्हणून थायलंडमधला जो प्रयोग दाखवला जातो त्यात वापरलेली वनस्पती हळदीच्याच कुळातली असली तरी ती सांगलीची हळद नव्हे, आणि चांगला परिणाम दिसला तो मिनॉक्सिडिलच्या जोडीनं.

मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्याला लावण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. १९९७ मध्ये फिनास्टेराइड आलं, ते थेट संप्रेरकाच्या वाटेत आडवं येतं. ही दोन औषधं आल्यावर टकलाच्या बाबतीत पाल्याचा विषय संपायला हवा होता. तो संपला नाही, कारण संशोधकांनाच एक जुनं दार पुन्हा किलकिलं झालेलं दिसलं. टक्कल पडणाऱ्या डोक्याचे बारीक तुकडे तपासले तर केसाच्या मुळाच्या वरच्या भागाशी सौम्य, सतत धुमसणारा दाह बऱ्याचदा सापडतो. २००० च्या आसपास त्याला सूक्ष्मदाह असं नावही मिळालं. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या एका लहान अभ्यासात बुरशी मारणाऱ्या केटोकोनाझोल शांपूनं केसांची दाटी सौम्य मिनॉक्सिडिलइतकीच सुधारल्याचं दिसलं. टकलाचं कारण बुरशी नाही, पण कोंडा आणि दाह आवरला तर उरलेल्या केसांना थोडं बरं पडतं, एवढं म्हणायला जागा आहे.

पाल्यांचा पुरावा यापुढे तुटपुंजा. माक्याचा अर्क उंदीरवर्गी प्राण्यांवर २००८ मध्ये तपासला गेला. भादरलेल्या जागी केस लवकर आले. पण त्या प्राण्यांना पुरुषी टक्कल पडत नाही, आणि त्यांच्यावर वापरलेला अर्क पेट्रोलियम ईथरमध्ये काढलेला होता, तिळाच्या तेलात नव्हे. २०१५ मध्ये इराणमध्ये १०० जणांवर सहा महिने रोझमेरीच्या तेलाचा प्रयोग झाला आणि ते दोन टक्के मिनॉक्सिडिलच्या बरोबरीचं ठरलं. औषध न दिलेला तिसरा गट त्यात नव्हता. त्या एका प्रयोगाच्या जोरावर रोझमेरीचं पाणी आज कऱ्हाड-इस्लामपूरच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातही मिळतं. परसातला माका, रानातला हिरडा आणि फेकून दिलेली कोय यांच्यावर माणसांमधला तसा सविस्तर प्रयोग करण्यात कुणाला फारसा रस दिसत नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर पैसा कोण लावणार?

बाटल्यांवरच्या मजकुराला मात्र कायद्याची चौकट आहे. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, जे आजार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांच्या यादीत, टक्कल आहे आणि नवे केस उगवणं व केसांचा रंग बदलणं हेही आहे. म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात माक्याच्या तेलाची बाटली उलटून पाहिली तर लेबलावर ‘केसांच्या निगेसाठी’, ‘कोंड्यावर उपयुक्त’, ‘थंडावा देणारे’ अशी सावध भाषा असते. दुकानदार तोंडानं काय सांगतो ते या परिशिष्टात येत नाही.